सत्य सूर आणि प्रिय सूर

काही प्रश्न दिसावयास अगदी बाजारी असतात. परंतु त्यांचा थोडा पाठपुरावा केला की ते आपणांस नीतिशास्त्राच्या उंबरठ्यावर आणून सोडतात. घरी गाणे ऐकण्यासाठी ध्वनिवर्धक यंत्र, म्हणजे व्यवहारात ज्यास आपण ॲम्प्लिफायर म्हणतो ते, कोणते घ्यावे हा असाच एक प्रश्न होय. लॅमिंग्टन रोडवरील कोणत्याही दुकानी गेले असता गिऱ्हाइकाच्या तोंडून एक मागणी हटकून ऐकू येते : ‘आवाज स्वच्छ आहे, पण कोरडा वाटतो, जरा उबदार आवाजाचे काही दाखवा.’ दुकानदारही मग एखादे काचेच्या व्हॉल्व्हचे यंत्र पुढे करतो. गिऱ्हाईक डोळे मिटते, मान डोलावते आणि पाकिटात हात घालते. ह्या साध्या प्रसंगात एक जुना वाद दडलेला आहे. जी ऊब त्या गृहस्थास आवडली ती गायकाच्या गळ्यातील होती, की यंत्राने आपल्या पदरची घातलेली होती? आणि यंत्राने घातलेली असल्यास, ती मोल देऊन घरी आणणे हे रसिकतेचे लक्षण समजावे, की स्वतःच स्वतःची गोड फसवणूक करून घेण्याचे?

हा विचार आम्ही शिवडीच्या संदर्भात करू इच्छितो, आणि त्यास कारण आहे. नाद कोठे संपतो व गोंगाट कोठे सुरू होतो, हे ज्या वस्तीस रोज ठरवावे लागते तिच्यापैकी शिवडी ही एक आहे. एका बाजूस बंदराची मालवाहतूक व हार्बर मार्गाच्या गाड्या. दुसऱ्या बाजूस खाडीची दलदल, जेथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ओहोटीच्या वेळी विलक्षण शांतता पसरते. १२ जानेवारी २०२४ रोजी ह्याच किनाऱ्यावरून न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या सागरी सेतूचे उद्घाटन करण्यात आले. वस्तीत एकीकडे उंच इमारती, तर दुसरीकडे १९२० नंतरच्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बी.डी.डी. चाळी, ज्यांतील एका बिऱ्हाडाच्या वाट्यास १६० चौरस फुटांची खोली येते. अशा ठिकाणी यंत्राची निवड ही एकट्या घरमालकाच्या कानाची बाब राहत नाही. परंतु शेजाऱ्याचा विचार आम्ही शेवटी करू. आधी यंत्राचे स्वरूप पाहू.

ध्वनिवर्धकाचे काम एका वाक्यात सांगता येते. तबकडीवरून वा अन्य साधनावरून येणारा अतिशय क्षीण विद्युत्‌-संदेश, त्याचा आकार न बदलता, कर्ण्याचा पडदा हलविण्याइतका बलवान करावयाचा. ‘आकार न बदलता’ ह्या तीन शब्दांतच सारी अडचण आहे. कलकत्त्यास १९०२ साली गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गवयाने भोंग्यात तोंड घालून गावे, त्या बळावर सुईने मेणात रेघ ओढावी आणि घरच्या फोनोने दुसऱ्या भोंग्यातून ती वाचून दाखवावी, एवढाच व्यवहार. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची निर्वात नळी पुढे आणली आणि क्षीण संदेश बलवान करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९२५ पासून मुद्रणही विजेच्या साह्याने होऊ लागले. मात्र नळीने बळ दिले तसा आपला रंगही दिला. १९२७ साली हॅरोल्ड ब्लॅक नावाचा तरुण अभियंता न्यूयॉर्कला कामावर जाताना नावेत बसला असता त्यास एक युक्ती सुचली : बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलट फिरवून पुन्हा प्रवेशद्वारी आणावा, मुळाशी ताडून पाहावा, आणि जेवढा फरक पडला असेल तेवढा तेथल्या तेथे कापून टाकावा. यंत्रास शिकविलेले आत्मपरीक्षणच म्हणावयाचे. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर अवतरला. पुढे ह्या दोहोंच्या संयोगाने आजची यंत्रे इतकी निर्दोष झाली की, त्यांतील चांगल्या यंत्रांची विकृती शेकडा एकाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरते. आणि गंमत अशी की, यंत्र निर्दोष होऊ लागले तसतशी रसिकांस त्याच्या जुन्या दोषांची आठवण येऊ लागली.

हा दोष म्हणजे नेमके काय, हे पाश्चात्त्य परिभाषेपेक्षा आपल्या स्वरांच्या भाषेत अधिक स्पष्ट होते. यंत्राकडून आकार थोडा बदलला की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर नव्याने उपजतात. आपण षड्ज दिला, तर दुप्पटीचा स्वर म्हणजे तार षड्ज. तिप्पटीचा म्हणजे त्या तार सप्तकातील पंचम. पाचपटीचा म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातील गांधार. हे सारे सोयरे आहेत. परंतु सातपटीचा स्वर कोमल निषादाहूनही उतरलेला असतो आणि कोणत्याही घरच्या पंक्तीस बसत नाही. आता साध्या रचनेच्या व्हॉल्व्हयंत्राचा दोष बहुतांशी दुप्पटीचा असतो. तो मूळ स्वरात मिसळून जातो, त्यास भरदारपणा आणतो, आणि ऐकणारास तो दोष न वाटता गुण वाटतो. उलट, घाईने वा काटकसरीने बांधलेल्या पहिल्या काळातील ट्रान्झिस्टर यंत्रांत दोषाचे एकूण प्रमाण थोडे असूनही त्यात वरच्या विषम स्वरांचा भरणा असे. म्हणून त्यांचा आवाज कानास खरखरीत लागे. ह्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळशा व्हॉल्व्हयंत्रांची कर्ण्यावरील पकड सैल असते. त्यामुळे खर्जाचा भाग थोडा फुगून व रेंगाळून येतो. तात्पर्य, जिला आपण ऊब म्हणतो ती गूढ वस्तू नव्हे. ती मोजता येणारी भर आहे.

येथे ऊबेचा कैवारी आम्हांस अडवील आणि म्हणेल : ‘भर घालणे हा अपराध असेल, तर तुमच्या तानपुऱ्यासच प्रथम शिक्षा करा.’ हा आक्षेप हलका नाही. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीस जवारी काढताना जे करतात ते दुसरे काय आहे? तार घोडीच्या कडेवर स्वच्छ न टेकता तिच्या किंचित उतरत्या पाठीवर चाटून जावी, खाली एक दोरा सरकवावा, आणि त्या स्पर्शाने तारेच्या एका स्वरातून वरच्या स्वरांचे मोहोळ उठवावे, हीच ती कला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा व वीणा ह्यांच्या घोडीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवून दिले की, साध्या तारेच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर मुळीच निघू नयेत, तेही ह्या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात. आपल्या संगीताचे सारे वातावरणच अशा भरीवर उभारलेले आहे. मग तीच भर घोडीऐवजी नळीने घातली तर बिघडले कोठे?

बिघडले ते अधिकाराच्या बाबतीत, असे आमचे उत्तर आहे. तानपुरा हे वाद्य आहे. ध्वनिवर्धक हा दूत आहे. जवारी किती उघडी ठेवावयाची, दोरा कोठे सरकवावयाचा, हे गायक ठरवितो. ती भर त्याच्या गाण्याचा भाग आहे आणि तिची जबाबदारी त्याची आहे. दुताचे तसे नाही. कवीने उपमा योजली तर ते काव्य. परंतु निरोप्याने निरोपात उपमा घातली तर तो आगाऊपणा, मग ती उपमा कितीही सुंदर असो. शिवाय ज्या गायकाने आपल्या तानपुऱ्याची जवारी तासभर खपून साधली असेल, तिच्यावर आपल्या दिवाणखान्यातील पेटीने स्वतःची दुसरी जवारी चढवावी, ह्यात त्या गायकाच्या श्रमांचा आदर आहे असे म्हणवत नाही.

आगाऊपणाचा परिणाम केवळ तात्त्विक असता तर आम्ही तो सोडून दिला असता. पण त्याचे फळ कानास भोगावे लागते. एकटा स्वर असला तर यंत्राची भर गोड लागते. दोन स्वर एकत्र आले की तेच यंत्र त्यांच्या बेरजेचा व वजाबाकीचा स्वर निर्माण करते. भैरवीचे उदाहरण घ्या. तानपुऱ्याचा षड्ज चालू आहे आणि गायकाने त्यावर कोमल ऋषभ लावला. त्यांचे प्रमाण पंधरास सोळा असे धरले, तर बेरीज होते एकतीस. पंधराच्या दुप्पट तीस हा तार षड्ज, सोळाच्या दुप्पट बत्तीस हा तार कोमल ऋषभ. आणि हा एकतिसावा त्या दोघांच्या बरोबर मध्ये, कोणीही न गायिलेला, कोणत्याही श्रुतीचा नसलेला. प्रमाण अल्प असले तर तो वेगळा ऐकू येणार नाही. फक्त ऋषभाची धार बोथट झाल्यासारखी वाटेल. आणि भैरवीचा सारा जीव तर त्या धारेतच असतो. मनुष्याच्या गोड असत्याचेही असेच नाही काय? एकट्यास सांगितले तोवर ते पचून जाते. दुसरे सत्य शेजारी येऊन बसले की दोघांच्या मध्ये तिसरेच काही उत्पन्न होते, ज्यास कोणीच धनी नसतो.

तथापि सत्याच्या कैवाऱ्यानेही फार ताठ्याने बोलू नये. त्यास आम्ही विचारू : तुझा दूत विश्वासू खरा, पण विश्वासू कोणाशी? गायकाशी, की तबकडीशी? केसरबाई केरकर यांच्या मैफलीचा थाट ज्यांनी अनुभवला त्यांच्या वर्णनांत एकेका रागाचा संथ, अखंड विस्तार आहे. तबकडीवर मात्र एका बाजूस सुमारे साडेतीन मिनिटेच मावत. त्यांच्याच भैरवीची तेवढीशी मुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि आपल्या जातीची ओळख म्हणून ती आज ताऱ्यांमधल्या पोकळीतून चालली आहे. त्या मुद्रिकेत केसरबाई आहेत काय? आहेत, परंतु चिमटीत आलेल्या अत्तराइतक्या. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईत वारले. त्यांचा आवाज तबकडीवर उतरलाच नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याचाही पुरावा शिष्यांच्या गळ्याखेरीज उरला नाही. जेथे मूळच नाही तेथे विश्वासू दूत काय आणणार? आणि जेथे मूळ आहे तेथेही भोंगा, मेण, सुई, तबकडीची झीज, ह्या सर्व पायऱ्यांवर काही ना काही सांडलेले आहे. अखेरच्या एका पायरीवर निष्कलंकतेचा आग्रह धरून आपण संपूर्ण सत्य मिळविले, असे मानणे हा भाबडेपणा होय.

पण ह्यावरून सत्याचा आग्रहच निरर्थक ठरतो असे अनुमान जे काढतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. वडिलांचे पत्र हाती आले. त्यातील काही ओळी पावसाने धुऊन गेल्या आहेत. तेवढ्यावरून उरलेल्या ओळींत आपणांस आवडतील असे शब्द भरण्याचा परवाना मिळतो काय? उलट, जे थोडे उरले आहे ते अधिक जपून वाचावे लागते. बखलेबुवांचा आवाज नाही, म्हणूनच केसरबाईंचा जो आहे तो जसाच्या तसा घरात यावा, ही इच्छा कृतज्ञतेची आहे. तीस कोरडेपणा म्हणणे अन्याय होईल.

ह्या वादात व्हॉल्व्हच्या काचेभोवती जे पावित्र्याचे वलय निर्माण झाले आहे, त्याचाही एकदा निकाल लागलेला आहे. १९८५ साली अमेरिकेतील ‘स्टिरिओफाइल’ ह्या नियतकालिकाच्या परीक्षकांनी बॉब कार्व्हर नामक अभियंत्याचे एक आव्हान स्वीकारले. त्याचे म्हणणे असे की, तुम्हांस प्रिय असेल ते मौल्यवान यंत्र आणा. मी माझे स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्र त्याच्यासारखे बोलावयास लावतो. परीक्षकांनी एक महागडे व्हॉल्व्हयंत्र पुढे केले. कार्व्हरने दोन्ही यंत्रांतील केवळ फरकच कानी पडावा अशी जोडणी केली, आणि तो फरक जवळजवळ लोपेपर्यंत आपल्या यंत्रात सुधारणा, किंवा खरे म्हणजे बिघाड, करीत गेला. शेवटी त्या जाणत्या कानांस दोहोंतील भेद सांगता आला नाही. ह्यापासून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. ऊब ही काचेत वा किमतीत राहत नाही, ती कोणासही हिशेबाने निर्माण करता येते, हा एक. आणि जे हिशेबाने घालता येते ते हिशेबाने काढूनही टाकता येते, हा दुसरा. आमच्या पुढील निर्णयाचा पाया ह्या दुसऱ्या बोधावर आहे.

निर्णयाकडे येण्यापूर्वी ऐकणाराच्या मनाची झडती घेणे प्राप्त आहे. दुकानात दोन यंत्रे शेजारी ठेवून ऐकली, आणि त्यांतील एकाचा आवाज दुसऱ्याहून किंचित मोठा असला, तर बहुतेकांस मोठा आवाज ‘मोठा’ असा वाटत नाही. तो ‘अधिक भरदार, अधिक जिवंत’ असा वाटतो. ह्या भ्रमातून विद्वानही सुटत नाहीत. म्हणून ज्यास प्रामाणिक निवड करावयाची असेल त्याने दोन्हींचा आवाज आधी मापाने सारखा करून घ्यावा, कोणते यंत्र वाजत आहे हे दुसऱ्यास आपणांपासून लपवावयास सांगावे, आणि आपल्या ओळखीच्या गाण्याचे तेच चार आवर्तन पुन्हा पुन्हा ऐकावे. किंमत, चकाकी आणि नाव ही तिन्ही डोळ्यांआड झाली म्हणजे मोठमोठे भेद कसे विरघळतात हे पाहून त्याचे त्यासच नवल वाटेल.

आणखी एक भर आहे, ती स्मृतीची. ठाण्यास बनलेला मर्फीचा रेडिओ, त्याच्या कळेमागचा पिवळा उजेड, नळ्या तापेपर्यंतचा तो क्षणभराचा विलंब, आणि मग जणू दुरून चालत आलेला आवाज, हे ज्यांच्या बालपणाचे धन आहे त्यांस तसाच आवाज पुन्हा ऐकावासा वाटला तर त्यांस हसणे हे अरसिकपणाचे होईल. त्या आवाजात आजी आहे, सकाळ आहे, शाळेची घाई आहे. परंतु हे प्रेम रेडिओवरचे आहे, गाण्यावरचे नव्हे, एवढे तरी स्वतःशी कबूल करावे. दोन्ही प्रेमे सच्ची आहेत. एकाचे नाव दुसऱ्यास दिले की मात्र असत्यास प्रारंभ होतो. ‘मला हा आवाज आवडतो’ असे म्हणणारा गृहस्थ पूर्णपणे निर्दोष आहे. ‘हाच आवाज खरा आहे’ असे म्हणून शेजाऱ्याच्या यंत्रास नाक मुरडणारा तसा नाही. आणि हे वाक्य पढवून त्यास चौपट किमतीची वस्तू विकणारा तर मुळीच नाही.

आता शेजारी. १६० चौरस फुटांच्या खोलीत किती वॅटचे यंत्र पुरे? घरगुती कर्ण्यास केवळ एक वॅट शक्ती दिली तरी एक मीटरवर सर्वसाधारणपणे ८५ ते ९० डेसिबल आवाज निघतो. मनुष्यांचे संभाषण साठाच्या आसपास असते. पन्नासाऐवजी शंभर वॅट घेतल्याने तीन डेसिबलांची, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतकी वाढ होते. आवाज दुप्पट भासावा तर शक्ती दसपट करावी लागते. मोठ्या आकड्याचा अभिमान हा येणेप्रमाणे पोकळ आहे. इकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागास दिवसा ५५ व रात्री दहानंतर ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे, आणि रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर अंतर शांतता-क्षेत्र म्हणून राखता येते. शिवडीस क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय आहे, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. भिंतीतून पलीकडे जातो तो बहुधा खर्जच. म्हणजे ज्या फुगलेल्या खर्जास आपण ऊब म्हणून कवटाळतो, नेमका तोच शेजाऱ्याच्या उशीखाली धडधडतो. तान त्याच्यापर्यंत पोचत नाही, राग पोचत नाही. पोचतो तो केवळ ठोका. आपल्या सुखाचा जो भाग दुसऱ्याच्या वाट्यास जातो तो असा रसहीन असावा, हे सुखाच्या हिशेबात धरलेच पाहिजे.

तेव्हा आमचा सल्ला असा. यंत्र निवडताना सत्याची निवड करावी : माफक शक्तीचे, मापात स्वच्छ, आणि कर्ण्यावर पक्की पकड असलेले यंत्र घ्यावे, ते व्हॉल्व्हचे आहे की ट्रान्झिस्टरचे, ह्यास महत्त्व देऊ नये. उरलेला पैसा कर्ण्यावर खर्चावा, कारण आवाजातील खरे मोठे भेद तेथे असतात. आणि खोलीत एक जाड पडदा, एक सतरंजी व पुस्तकांचे एक कपाट ठेवावे, कारण कोरडेपणाचा निम्मा दोष उघड्या भिंतींचा असतो. इतके करूनही एखाद्या संध्याकाळी मनास ऊब हवीशी वाटली, तर यंत्रावर स्वर जड-हलका करण्याची कळ असते. ती खुशाल फिरवावी. त्यात अधर्म नाही. ती भर आपण जाणून घातली, आपल्या हाताने घातली, आणि सकाळी ती काढून टाकून मूळ सूर पुन्हा ऐकता येतो. जे यंत्र स्वभावतःच गोड बोलते त्याच्या बाबतीत हे स्वातंत्र्य उरत नाही. त्याने एकदा मिसळलेले पाणी दुधातून परत निघत नाही.

सत्य आणि प्रिय ह्यांचा मेळ घालण्याचा उपदेश आपल्या जुन्या ग्रंथकारांनी वाणीच्या संदर्भात केला, तेव्हा बोलणारा व ऐकणारा समोरासमोर असत. आज घरोघरी आपल्या वतीने बोलणारी व आपणांस ऐकविणारी यंत्रे आली आहेत, आणि ती केवळ गाण्याचीच नाहीत. छायाचित्र घेणारे यंत्र मुखावरील सुरकुत्या न विचारता पुसते. बातम्या पुरविणारे यंत्र आपणांस रुचेल तेवढेच पुढे करते. ह्या सर्वांस एकच नियम लावता येईल असे आम्हांस वाटते. दुताने निरोप जसाच्या तसा सांगावा. त्यावर माया कोणती व किती करावयाची, हे घरच्या माणसांनी ठरवावे. शिवडीच्या एखाद्या खोलीत रात्रीचे नऊ वाजता, शेजारच्या आजाऱ्यास जाग येणार नाही इतक्या आवाजात, केसरबाईंचा तो कोमल ऋषभ आपल्या खऱ्या धारेनिशी उतरला, तर त्यास ऊब कमी पडेल अशी आम्हांस भीती वाटत नाही.